आजारी पिल्लांची घरी काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडीचं पिल्लू मलूल दिसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "औषध कुठलं द्यायचं?" पण पहिल्या आठवड्यात दगावणारी बरीचशी पिल्लं गारठ्याने आणि पाण्यावाचून जातात, आणि त्यावर औषधाचा काही उपयोग नसतो. म्हणून खालची उत्तरं एकाच क्रमाने जातात: आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य, आणि औषध आजार ओळखल्यावरच.

पिल्लू आजारी आहे की नुसतं झोपलंय, कसं ओळखायचं?

लहान पिल्लं चालता चालता झोपतात. मान लांब करून, पंख पसरून, पाय एका बाजूला टाकून अशी काही पडतात की नवख्या माणसाला मेल्यासारखीच वाटतात. हलकेच बोट लावा. निरोगी पिल्लू दचकून उठतं आणि पळतं.

आजारी पिल्लू उठत नाही, किंवा उठून पुन्हा तिथेच बसतं. पिसं फुलवून, मान आत ओढून, पंख खाली टाकून, डोळे अर्धवट मिटून ते कोपऱ्यात उभं राहतं. बाकीची पिल्लं खाद्याकडे धावली तरी हे जागचं हलत नाही. आवाजावरूनही पुष्कळ कळतं. हळू, मधूनमधून चिवचिव म्हणजे सगळं ठीक. सतत, चढ्या आवाजात ओरडणं म्हणजे थंडी, भूक किंवा एकटेपणा. एकदम गप्प झालेल्या पिल्लाकडे मात्र लगेच लक्ष द्या.

शंका असेल तर रोज एकाच वेळी वजन करा. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत वजन थोडं उतरू शकतं, पण त्यानंतर ते रोज वाढायलाच हवं. तसं वाढलं नाही तर पिल्लू दिसायला ठणठणीत असलं तरी काहीतरी बिघडलंय.

मलूल पिल्लू दिसलं की सगळ्यात आधी काय करायचं?

हातात घ्या आणि त्याचे तळपाय आपल्या गालाला किंवा मानेला लावून पाहा. गार लागले तर पिल्लू गारठलंय, आणि आजार कुठलाही असो, पहिलं काम ते गरम करण्याचं. गारठलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. अशा वेळी खाद्य किंवा पाणी पाजलं तर ते पचत नाही, आणि गिळण्याची ताकद नसल्याने श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ओलं असेल तर मऊ कापडाने टिपून कोरडं करा. एका लहान खोक्यात कापड अंथरून एका बाजूला दिवा लावा. दिव्याची सोय नसेल, वीज गेली असेल, तर बाटलीत गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळून शेजारी ठेवा आणि गार होऊ लागली की बदला. खोक्याचा अर्धा भाग मात्र गरम नको. पिल्लाला उकडलं तर सरकायला जागा हवी. पाय गरम लागू लागले, मान वर धरली, की मग पाणी.

ऊब नेमकी किती हवी?

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. त्यानंतर दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ अंशांपर्यंत यायचं. पाच-सहा आठवड्यांत अंगावर पुरेशी पिसं येतात आणि बाहेरची हवा फार थंड नसेल तर दिव्याची गरज उरत नाही. आजारी पिल्लाला त्याच्या वयापेक्षा एक-दोन आठवडे मागची ऊब द्या. तीन आठवड्यांचं आजारी पिल्लू पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या पिल्लासारखं जपा.

थर्मामीटर असला तरी पिल्लांचं वागणं बघायची सवय लावा. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढली असतील तर थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब भिंतीला चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतोय. सगळीकडे सारखी पसरलेली, खाणारी, झोपणारी पिल्लं दिसली की तापमान बरोबर आहे.

दिव्याबाबत दोन गोष्टी. तो साखळीने किंवा तारेने पक्का बांधा, नुसता क्लिपवर ठेवू नका. कोरड्या भुशात दिवा पडून आगी लागतात. आणि टेफ्लॉनचा थर असलेला, फुटू नये म्हणून मुलामा दिलेला बल्ब घेऊ नका. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना प्राणघातक असतो.

अशक्त पिल्लाला पाणी कसं पाजायचं?

तोंडात पिचकारी मारू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, आणि तिथे पाणी गेलं की पिल्लू गुदमरतं किंवा पुढे न्यूमोनियाने जातं. पिल्लू उभ्या स्थितीत तळहातावर धरा. ड्रॉपरने कोमट पाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला, वरची आणि खालची चोच मिळते तिथे लावा. थेंब आपोआप आत ओढला जातो, पिल्लू चोच हलवतं, मान वर करून गिळतं. गिळलेलं दिसल्यावरच दुसरा थेंब. पाच-सहा थेंब झाले की थांबा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा द्या. हे काम कंटाळवाणं आहे, रात्री तर फारच, पण घरी केलेल्या कुठल्याही उपायापेक्षा जास्त पिल्लं यानेच उठलेली मी पाहिली आहेत.

जरा तरतरी आली की चोचीचं टोक उथळ भांड्यातल्या पाण्यात हलकेच बुडवा, नाकपुड्या बुडू देऊ नका. एकदा चव कळली की पिल्लू स्वतः प्यायला लागतं. भांड्यात स्वच्छ खडे घाला. अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

पाण्यात साखर किंवा इलेक्ट्रोलाइट घालावं का? दूध चालेल का?

प्रवासातून आलेल्या, गळून गेलेल्या पिल्लाला पहिल्या काही तासांपुरतं साखरेचं पाणी ठीक आहे: १ लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर. दिवसचे दिवस देऊ नका, त्याने शी पातळ होते. कोंबड्यांसाठी मिळणारं इलेक्ट्रोलाइट (पाण्यात घालायचे क्षार) पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात दोन-तीन दिवस द्या, जवळ साधं पाणीही ठेवा आणि मिश्रण रोज ताजं करा. घरचं मीठ अंदाजाने घालणं टाळा. इतक्या लहान जिवाला जास्तीचं मीठ विषासारखं बाधतं.

दूध नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचवता येत नाही.

पिल्लू काहीच खात नाही. किती वेळ वाट पाहायची?

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन ते तीन दिवस निभावतं. म्हणून एका दिवसाच्या पिल्लाने खाल्लं नाही तर घाबरू नका, पाणी मात्र चुकवू नका. त्याहून मोठं पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तर ते गंभीर आहे.

खाद्य कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा आणि बोटाने त्यात टकटक करा, आई चोच मारते तसं. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चिमूटभर दिला तर बहुतेक पिल्लं त्यावर चोच मारतातच. मानेच्या खाली छातीपाशी असलेली अन्नपिशवी बोटाने चाचपून पाहा. रात्री ती भरलेली आणि मऊ, सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही टणक भरलेली असेल तर आत काही अडकलंय, आणखी खाऊ घालू नका.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना कधीही देऊ नका. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांना साधारण १ टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

पिल्लाच्या मागे विष्ठा चिकटून बसली आहे. काय करू?

आज, आत्ताच स्वच्छ करा. शीचा गोळा वाळून मलद्वार बंद झालं तर पिल्लू एक-दोन दिवसांत मरू शकतं. पहिल्या आठवड्यात हा त्रास फार आढळतो आणि बहुतेकदा कारण साधंच असतं: प्रवासाचा ताण, गारठा किंवा जास्त उष्णता, पाणी कमी पडणं.

आधी जागा नीट ओळखा. मलद्वार शेपटीच्या अगदी खाली असतं. बेंबी त्याहून पुढे, पोटाच्या बाजूला. तिथे वाळलेला काळा धागा किंवा खपली दिसेल, ती ओढलीत तर आतडंच बाहेर येऊ शकतं. बेंबीला हात लावू नका.

आता कोमट पाण्यात कापूस बुडवून गोळ्यावर धरून ठेवा. नुसतं धरून ठेवा, घासू नका. मिनिटभरात कडा मऊ पडतात, कापूस बदला, पुन्हा धरा. गोळा आपोआप सुटून कापसाला येऊ लागेल. जो भाग सुटत नाही तो ओढायचा नाही, कारण त्याच्याबरोबर लव आणि नाजूक कातडी निघते. अगदीच अडलं तर बोथट टोकाच्या कात्रीने गोळ्याच्या बाहेरची लव कापा. मोकळं झालं की बऱ्याचदा पिल्लू तिथेच, तुमच्या हातावर, पिचकारी सोडतं. ते चांगलं लक्षण. टिपून पूर्ण कोरडं करा, दिव्याखाली ठेवा, मग व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवा. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तपासा, कारण पुन्हा चिकटतं. आणि ब्रूडरचं, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या जागेचं, तापमान बघा. ते सुधारलं नाही तर तुम्ही रोज धूतच राहाल.

विष्ठेत रक्त दिसतंय. घाबरायचं कारण आहे का?

कधीतरी आतड्याच्या अस्तराचा लालसर पापुद्रा पडतो, पिल्लू हुशार असतं, खात असतं. तेव्हा लक्ष ठेवणं पुरे. तसंच दर आठ-दहा वेळांतून एकदा तपकिरी, चिकट, घाण वासाची शी पडते, तीही नेहमीचीच.

पण तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पाठीला पोक काढून, पिसं फुलवून उभी असतील, तुरा आणि पाय फिकट पडले असतील, शीत रक्त किंवा शेंदरी शेंब असेल, तर रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस समजून हालचाल करा. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशी फोडतो. त्याची बीजकोशं शीतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागण करायला तयार होतात. ओला भुसा हे त्याचं खरं घर. रक्त दिसत नाही म्हणून रोग नाही असंही समजू नका; काही प्रकारांत नुसतीच पातळ शी आणि खंगत जाणं दिसतं.

यावरचं नेहमीचं औषध अँप्रोलियम. १ लिटर पाण्यात १२० मिलिग्रॅम, साथ जोरात असेल तर २४० मिलिग्रॅम, असं तीन ते पाच दिवस. नंतर ६० मिलिग्रॅम एक ते दोन आठवडे. २० टक्क्यांची पावडर असेल तर पहिल्या दोन मात्रा लिटरला ०.६ आणि १.२ ग्रॅम होतात. वेगवेगळ्या कंपन्यांची तीव्रता वेगळी असते, तेव्हा पाकीट वाचा आणि पशुवैद्याला विचारून घ्या. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवायचं नाही, आणि मिश्रण रोज नवं करायचं. एक गोष्ट बरेच जण चुकतात: अँप्रोलियम परजीवीचा ब-१ जीवनसत्त्वाचा पुरवठा तोडतं, म्हणून त्याच वेळी ब-१ असलेलं टॉनिक दिलं तर औषध बोथट होतं. जीवनसत्त्वं उपचार संपल्यावर द्या.

पाजायचं सगळ्यांनाच. एकाला दिसतंय म्हणजे बाकीच्यांच्या पोटात ते पोचलेलं असतं. भुसा पूर्ण काढून कोरडा घाला, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग तर रोज बदला.

पोट फुगलंय, बेंबी ओली आहे, घाण वास येतोय.

हा बलकाच्या पिशवीचा संसर्ग. बेंबी नीट मिटण्याआधी जंतू आत गेले की पहिल्या आठवड्यात असं होतं. बेंबी नुसतीच ओलसर, पिल्लू चपळ असेल तर सौम्य केलेलं पोव्हिडोन आयोडिन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) लावून स्वच्छ, कोरड्या कापडावर उबेत ठेवा. पोट निळसर, लिबलिबीत आणि दुर्गंधी असेल तर वाचण्याची आशा फार थोडी असते. त्याला बाकीच्यांपासून लगेच दूर करा.

पांढरी, चुन्यासारखी शी होते आहे.

शीवरचा पांढरा टोपीसारखा थर म्हणजे पक्ष्याची लघवी, तो हवाच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी चिकट हगवण आणि एकामागून एक मरतूक सुरू झाली तर मात्र पुलोरम हा साल्मोनेला नावाच्या जंतूचा आजार असू शकतो. तो आईकडून अंड्यातूनच येतो, आणि बरी झालेली पिल्लं आयुष्यभर वाहक राहू शकतात. इथे घरगुती उपचार करत बसू नका, तपासणी करून घ्या.

पाय दोन्हीकडे फाकलेत, उभं राहता येत नाही.

बऱ्याचदा दोष जमिनीचा असतो. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय घसरतात आणि सांधे तसेच वळतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हाती घेतलं तर बहुतेक वेळा सुधारतं. चिकटपट्टीची बारीक पट्टी घ्या, मधला भाग चिकट नसलेला ठेवून दोन्ही पायांभोवती अशी बांधा की पाय शरीराखाली, उभं राहताना असतात तेवढ्या अंतरावर येतील. आवळू नका. खरखरीत टॉवेल अंथरा, खाद्य-पाणी हाताशी ठेवा, पट्टी रोज तपासा. तीन ते पाच दिवस पुरतात.

बोटं आत वळलीत किंवा मान वाकडी झालीय.

बोटं मुठीसारखी वळणं हे अनेकदा ब-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असतं. पाण्यातून ब गटाचं जीवनसत्त्व द्या, बोटं सरळ करून खाली जाड कागदाचा तुकडा ठेवून चिकटपट्टी लावा. मान उलटी होऊन आकाशाकडे बघत राहणं ब-१ किंवा ई जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं. अशा पिल्लाला पाणी हाताने पाजावं लागतं, आणि बाकीच्यांच्या पायाखाली येऊ नये म्हणून वेगळं ठेवावं लागतं.

पण मान पिरगळण्याबरोबर हिरवट हगवण, धाप किंवा बरीच पिल्लं एकदम आजारी असतील तर तो राणीखेत म्हणजे मानमोडी असण्याची शक्यता आहे. विषाणूचा आजार, औषध नाही, फक्त लस. मोठ्या होत चाललेल्या पिल्लाचा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडला तर मॅरेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय घ्या. त्याचीही लस असते, ती पिल्लू जन्मलं त्याच दिवशी टोचतात.

शिंका, घरघर, तोंड उघडून श्वास?

नाक खाली नेऊन भुशाच्या पातळीवर वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया झालाय. पिल्लं चोवीस तास त्याच हवेत असतात. भुसा बदला, हवा खेळती ठेवा. बुरशीचा भुसा आणि बुरशी धरलेलं खाद्य यांतून फुप्फुसात बुरशी वाढते, मग पिल्लू आवाज न करता नुसती चोच उघडून धापा टाकतं. त्यावर फारसा उपचार नाही. डोळ्यांत फेस, नाकातून स्राव, चेहऱ्यावर सूज असेल तर पशुवैद्याकडे.

दुसऱ्या पिल्लांनी टोचून जखम केलीय.

लगेच वेगळं करा. रक्त दिसलं की बाकीची थांबत नाहीत. सलाइनने धुवा, सौम्य पोव्हिडोन आयोडिन लावा. बधिर करणारी, वेदनाशामक मलमं वापरू नका, त्यांतली काही द्रव्यं पक्ष्यांना घातक असतात. मग कारण शोधा: गर्दी, उकाडा, फार प्रखर दिवा, खाद्याला कमी जागा.

वेगळं ठेवलं की ते सारखं ओरडतं.

ओरडणारच, ते कळपात राहणारं आहे. नुसती टोचणी किंवा अशक्तपणा असेल तर त्याच ब्रूडरमध्ये जाळीचा आडोसा करा, म्हणजे एकमेकांना दिसतील. संसर्गाचा संशय असेल तर मात्र वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि निरोगी पिल्लांचं काम आधी, आजारीचं नंतर. अशा वेळी एक लहान आरसा किंवा मऊ कापडाची गुंडाळी ठेवा. बहुतेक पिल्लं त्याला चिकटून शांत होतात.

घरात माणसांचं अँटिबायोटिक आहे, ते थोडं देऊ का?

नको. वर सांगितलेल्या आजारांपैकी निम्म्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, मात्रा चुकते, पोटातले चांगले जंतू मरतात. शिवाय ही पिल्लं पुढे अंडी देणार किंवा खाल्ली जाणार असतील, तर औषधाचा अंश किती दिवस राहतो हे माहीत असणं गरजेचं आहे.

पशुवैद्याकडे कधी जायचं?

एका दिवसात एकाहून जास्त पिल्लं मेली, रक्ती हगवण आहे, श्वासाचा त्रास आहे, मान किंवा पाय लुळे पडलेत, किंवा ऊब-पाणी देऊन दिवसभरात काहीच फरक नाही, तर थांबू नका. जाताना पिल्लाचं वय, दिलेल्या लसी, खाद्य, ब्रूडरचं तापमान लिहून न्या, ताज्या शीचा नमुना न्या. पिल्लू मेलं असेल तर दुहेरी पिशवीत बांधून गार ठेवा, गोठवू नका. शवविच्छेदनातून जे कळतं ते बाकीच्यांना वाचवू शकतं.

कोंबड्या आणि पिल्लं अचानक, भराभर मरू लागली तर त्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो.

पिल्लापासून आपल्याला काही होतं का?

निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. ब्रूडर स्वयंपाकघरात नको, पिल्लाचा मुका घेऊ नका, पाच वर्षांखालच्या मुलांनी फक्त लांबून पाहावं. त्यांना वाईट वाटेल, तरीही.

सगळं करून पिल्लू खंगतच चाललंय.

काही पिल्लं वाचत नाहीत, अंड्यातूनच दोष घेऊन आलेली असतात. गिळता येत नाही, मान धरवत नाही, श्वासाला तडफड होतेय, अशा वेळी जबरदस्तीने भरवत राहू नका. पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणं हीही काळजीच आहे. पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, जिवंत पुरणं हे क्रूर आहे, कोणी सुचवलं तरी करू नका.

बरं झालेलं पिल्लू परत कधी सोडायचं?

औषध पूर्ण झालं, दोन-तीन दिवस स्वतःहून खातंय, वजन चढतंय, शी घट्ट आहे, की सोडा. दिवसाच सोडा आणि तासभर तिथेच बसा. फार दिवस वेगळं राहिलेलं पिल्लू परकं समजून टोचलं जातं. आधी दोन दिवस जाळीआडून दाखवा किंवा त्याच्याबरोबर एखादं शांत पिल्लू काही काळ ठेवा.

त्याआधी आजारपणाचं खोकं जाळून टाका. ब्रूडर साबणाने घासून, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा द्रावणाने पुसून घ्या. रक्ती हगवणीची बीजकोशं ब्लीचला दाद देत नाहीत; त्यासाठी उकळतं पाणी ओता आणि ब्रूडर कडक उन्हात पूर्ण सुकवूनच पिल्लं आत घ्या.